जुनी ऑडी टीटी घेण्याआधी: दिवे, कोड आणि पुसलेली मेमरी

९ नोव्हेंबर २०२४

शोधतोय ती गाडी: ऑडी टीटी, दुसरी पिढी, म्हणजे ८जे. २.० टीएफएसआय (टर्बो) पेट्रोल, २११ पीएसचं इंजिन, क्वाट्रो (चारही चाकांना ताकद), सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). तिसरी पिढी भारतात २०१५ मध्ये आली. त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतली गाडी मिळाली तर बघायची. या गाड्यांचे भाव आता आवाक्यात आलेत, पण टायमिंग चेन (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) किंवा डीएसजीचं मेकॅट्रॉनिक (त्याचं कंट्रोल युनिट) गेलं की वाचलेले सगळे पैसे तिथेच जातात. म्हणून रंग, टायर, सीट हे सगळं नंतर. आधी गाडीच्या कॉम्प्युटरची झडती. काही बिघडलं की तो त्या बिघाडाचा कोड मेमरीत लिहून ठेवतो, आणि स्कॅनरने तो वाचता येतो.

बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, पोर्शे यांपैकी काहीही घेत असलात तरी काम याच क्रमाने करायचं. फक्त स्कॅनर बदलेल.

हत्यारं अशी जमवली. गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये (ड्रायव्हरच्या पायाजवळचं तपासणीचं सॉकेट) लावायचा ब्लूटूथवाला ईएलएम ३२७ अडॅप्टर, ऑनलाइन सात-आठशे रुपयांत. फोनवर त्याचं ॲप. मित्राकडून व्हीसीडीएसची (फोक्सवॅगन-ऑडीच्या स्कॅनर सॉफ्टवेअरची) केबल आणि जुना लॅपटॉप. मल्टीमीटर, टॉर्च, थोडे फ्यूज.

स्वस्त अडॅप्टर आधी घरच्या गाडीवर लावून बघा. मी पहिल्यांदा मागवला त्यावर आवृत्ती २.१ लिहिलं होतं. तो जोडला जायचा, पण अर्ध्या गोष्टी विचारल्या की उत्तरच द्यायचा नाही. परत पाठवून १.५ वाला घेतला, तो नीट चालतो. बाजारात दोन्ही नकलाच आहेत, त्यामुळे आकड्यावर भरवसा न ठेवता ॲपमध्ये रेडीनेस (गाडीच्या स्वतःच्या चाचण्यांचे निकाल) आणि फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाची नोंद) दिसते का ते बघायचं. त्या दिसत नसतील तर तो अडॅप्टर या कामाचा नाही.

आणखी एक मर्यादा. साध्या ॲपसोबत हा अडॅप्टर फक्त इंजिनशी बोलतो, फार तर गिअरबॉक्सशी. एअरबॅग, एबीएस, क्वाट्रोचं हाल्डेक्स (मागच्या चाकांना ताकद देणारा क्लच), मीटर कन्सोल यातलं काहीच त्याला दिसत नाही. त्यासाठी त्या त्या कंपनीच्या गाड्यांची भाषा येणारा स्कॅनर हवा. फोक्सवॅगन-ऑडीला व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन, पोर्शेला ड्युरामेट्रिक.

भारतात ओबीडी-२, म्हणजे हे प्रमाणित सॉकेट आणि त्यामागची तपासणीची सोय, सक्तीचं झालं एप्रिल २०१३ पासून. युरोपात पेट्रोल गाड्यांना ते २००१ पासूनच आहे. टीटी हंगेरीतल्या ग्यॉरच्या कारखान्यात जुळणी होऊन यायची, त्यामुळे २०१३ च्या आधीच्या टीटीमध्येही ते मिळतं. त्या काळातल्या इथे बनलेल्या गाड्यांबद्दल मात्र हे गृहीत धरू नका.

१६ नोव्हेंबर

पहिली गाडी, पुण्यातल्याच एका डीलरकडे. काळी, चकाचक, डॅशबोर्डवर सिलिकॉनचा ओला थर.

सुरुवात स्कॅनरने करत नाही, चावीने करतो. इंजिन चालू न करता इग्निशन ऑन. या क्षणी मीटरमध्ये चेक इंजिन, ईपीसी (थ्रॉटलच्या इलेक्ट्रॉनिक्सचा), एअरबॅग, एबीएस, ईएसपी, ऑइल, बॅटरी हे दिवे उजळायलाच हवेत. एअरबॅग आणि एबीएस काही सेकंदांत विझतात. चेक इंजिनचा पिवळा दिवा इंजिन चालू होईपर्यंत जळत राहतो आणि चालू झाल्यावर विझतो. यातला एखादा दिवा उजळलाच नाही, तर तो बंद केलेला असू शकतो. न उजळणारा दिवा हा जळणाऱ्या दिव्यापेक्षा मोठा धोका समजा.

हे बघायला वेळ फार थोडा मिळतो आणि उन्हात दिवे नीट दिसत नाहीत. मी फोनने व्हिडिओ घेतो, मीटरवर हाताची सावली धरून. नंतर एकेक फ्रेम थांबवून मोजता येतं. सेल्समनलाही चावी फिरवायला सांगू नका. तो सवयीने थेट स्टार्टच मारतो आणि तपासणी तिथेच हुकते.

या गाडीचे सगळे दिवे आले आणि वेळेवर गेले. अडॅप्टर लावला. कोड शून्य. सेल्समन म्हणाला, "बघा साहेब, एकदम क्लीन. एक लाइट नाही."

मग रेडीनेस उघडलं. इंजिनचा कॉम्प्युटर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, त्यांचे हीटर यांच्या चाचण्या गाडी चालवताना स्वतःच घेत असतो. कोड पुसले की या चाचण्यांचे निकालही पुसले जातात आणि त्यांच्यापुढे 'अपूर्ण' असं येतं. पुन्हा पूर्ण व्हायला गावात आणि हायवेवर मिळून बऱ्यापैकी चालवणं लागतं. इथे जवळपास सगळ्याच अपूर्ण होत्या. ॲपमध्ये 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' म्हणून एक आकडा असतो, तो होता २ किलोमीटर. 'पुसल्यापासून इंजिन किती वेळा गरम झालं' याच्यापुढे शून्य.

म्हणजे कुणीतरी त्याच दिवशी कोड उडवले होते. पाटी कोरी आहे म्हणून मुलगा हुशार ठरत नाही.

सेल्समनचं म्हणणं, बॅटरी बदलली म्हणून झालं असेल. बॅटरी काढल्यावर काही गाड्यांची मेमरी जाते हे खरं आहे, त्यामुळे वाद घातला नाही. बिल दाखवा म्हटलं. बिल नव्हतं आणि बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी होती. ही बॅटरी कित्येक महिन्यांत कुणी हलवलेली नव्हती.

आजच्या तपासणीतलं हेच लक्षात ठेवण्यासारखं: 'कोड आहे का?' एवढं विचारून भागत नाही. 'मेमरी शेवटची कधी पुसली?' हे विचारायचं, आणि गाडीलाच विचारायचं.

२४ नोव्हेंबर

तीच गाडी पुन्हा. डीलरने लांबचा टेस्ट ड्राइव्ह द्यायला आढेवेढे घेतले. टोकन देईन पण ५०-६० किलोमीटर चालवल्याशिवाय नाही, असं सांगितल्यावर तयार झाला. शेजारी त्यांचा माणूस.

गावातून कात्रज, मग बायपास, मग परत. शेवटच्या टप्प्यात सिग्नलला उभं असताना किंचित थरथर. दिवा नाही. बाजूला घेऊन स्कॅन केलं. साठवलेले कोड शून्य, पण 'पेंडिंग' मध्ये पी०३०३, म्हणजे तीन नंबर सिलिंडरचा मिसफायर (त्यात पेट्रोल नीट पेटत नाही).

साधे स्कॅनर बरेचदा फक्त साठवलेले कोड दाखवतात. बहुतेक बिघाड सलग दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय चेक इंजिनचा दिवा लागत नाही. पहिल्या फेरीत तो पेंडिंगमध्ये जाऊन बसतो. त्यामुळे नुकत्याच पुसलेल्या गाडीत बघण्याची जागा पेंडिंगच. मिसफायर इतका असेल की कन्व्हर्टर जळेल, तर दिवा लुकलुकतो. तसं दिसलं की तिथेच पाय काढायचा.

तीन नंबरचा मिसफायर कशामुळे? स्वस्तातलं कारण स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल. महागातलं म्हणजे इनटेक व्हॉल्व्हवर साचलेला कार्बन (डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हवर पडतच नाही, म्हणून तो धुतला जात नाही), खराब इंजेक्टर, किंवा कॉम्प्रेशन. निवाडा करायचा सोपा मार्ग आहे: तीन नंबरची कॉइल एक नंबरला लावा. मिसफायर एक नंबरला गेला तर कॉइल दोषी, तीनलाच राहिला तर पुढे शोधा. पाच-दहा मिनिटांचं काम. डीलरने हात लावू दिला नाही. "आमचा मेस्त्री बघेल, तुम्ही टोकन द्या."

टोकन दिलं नाही. कॉइल कदाचित दोन-चार हजारांचीच असती. पण कोड पुसून गाडी उभी करणाऱ्याकडून इंजिन कशाला घ्यायचं?

३० नोव्हेंबर

मुंबई, मालक स्वतः विकतोय. पांढरी, मीटरवर ३८ हजार आणि काही. आज लॅपटॉप आणि व्हीसीडीएस नेलं.

व्हीसीडीएसमध्ये 'ऑटो-स्कॅन' चालवला की ते गाडीतल्या प्रत्येक कॉम्प्युटरला एकेक करून विचारतं: ०१ इंजिन, ०२ गिअरबॉक्स, ०३ ब्रेक, १५ एअरबॅग, १७ मीटर, २२ क्वाट्रो, ४६ कम्फर्ट, वगैरे. दोन गोष्टी इथेच तपासून घ्या. रिपोर्टमधला चासी नंबर आरसीशी आणि काचेखालच्या नंबराशी जुळतो का. आणि यादीत एअरबॅग आहे का. गेटवेच्या (सगळ्या कॉम्प्युटरना जोडणाऱ्या कॉम्प्युटरच्या) यादीतून एखादं मॉड्यूल, म्हणजे एखादा कॉम्प्युटर, वगळता येतं, मग स्कॅनर त्याला विचारतच नाही आणि रिपोर्ट स्वच्छ येतो.

इंजिन स्वच्छ, रेडीनेस पूर्ण. गिअरबॉक्स स्वच्छ. मालक चहा घेऊन आले. सज्जन माणूस, सर्व्हिसची फाइल बोटाबोटाने दाखवत होते.

४६ नंबरच्या कम्फर्ट मॉड्यूलमध्ये एक जुना, आता हजर नसलेला दाराचा कोड होता. त्यावर क्लिक केलं. या गाड्यांमध्ये बऱ्याच कोडसोबत तो पहिल्यांदा आला तेव्हाची नोंद राहते: तारीख, वेळ आणि मीटरवरचे किलोमीटर. तिथे होतं ६१,४०० च्या आसपास.

मीटर ३८ हजार सांगतंय आणि दाराचा कॉम्प्युटर म्हणतोय, मी ६१ हजाराला बिघडलो होतो.

मीटर मागे फिरवणारे मीटर फिरवतात, इंजिनमधले कोडही पुसतात. दार, पार्किंग सेन्सर, एसी यांच्याकडे बहुधा कुणी जात नाही, म्हणून मी आता सगळ्यात आधी तिकडेच जातो. मात्र एकाच आकड्यावरून कुणाला चोर ठरवू नका. भंगारातून आणलेलं मॉड्यूल बसवलेलं असेल तर तो आकडा दुसऱ्याच गाडीचा असू शकतो. दुसरा पुरावा हवा. एसीच्या मॉड्यूलमध्ये एक कोड ५४ हजाराच्या आसपासचा निघाला. दोन वेगवेगळे कॉम्प्युटर तेच सांगत होते.

मी स्क्रीन मालकांकडे वळवली आणि काही न बोलता बोट ठेवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. त्यांनीही ही गाडी तीन वर्षांपूर्वी दुसऱ्याकडून घेतलेली. फाइलमधली बिलं त्यांच्याच काळातली होती, आधीची नव्हतीच. त्यांनी माझ्यासमोर सर्व्हिस सेंटरला फोन लावून जुना रेकॉर्ड विचारला. दोन दिवसांनी त्यांचाच मेसेज आला: आधीच्या मालकाच्या वेळी ५७ हजाराला सर्व्हिस झालेली आहे. त्यांनी भाव बराच खाली आणला. तरी घेतली नाही, कारण खरे किलोमीटर किती हे आता कुणालाच सांगता येणार नाही. त्यांच्याबद्दल मात्र वाईट वाटलं. जुनी गाडी घेताना त्यांना एवढं करून देणारं कुणी भेटलं असतं तर बरं झालं असतं.

८ डिसेंबर

दिल्ली पासिंगची एक टीटी, भाव मोहात पाडणारा. २०२४ मध्ये दिल्लीत पेट्रोल गाडीला १५ वर्षांची मर्यादा असल्यामुळे तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येत होत्या, पण एनओसी, इथला रोड टॅक्स, नवं रजिस्ट्रेशन हे धरून हिशेब करा. डीलरने 'स्कॅन रिपोर्ट' म्हणून एक स्क्रीनशॉट पाठवला: 'नो फॉल्ट'. त्यावर चासी नंबर नाही, तारीख नाही, कुठल्या मॉड्यूलचा तेही नाही. पूर्ण ऑटो-स्कॅनची फाइल मागितली. आली नाही. विषय संपला.

१४ डिसेंबर

पिंपरीतली लाल टीटी. ओबीडीच्या सॉकेटमध्ये केबल लावली, काहीच नाही. अडॅप्टर लावला, त्याचा दिवाही लागेना. विकणारा म्हणाला, "ते सॉकेट खराबच आहे, आधीपासून. त्याने गाडीला काही होत नाही."

सॉकेट खराब असणं आणि सॉकेटला वीज न मिळणं वेगळं. मल्टीमीटर घेऊन ड्रायव्हरच्या पायाजवळ आडवा झालो. १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा व्होल्टेज कायम हवा, ४ आणि ५ या अर्थच्या पिना. अर्थ बरोबर होती, १६ वर काही नव्हतं. फ्यूज बॉक्स उघडला. त्या सर्किटच्या जागी फ्यूजच नव्हता. मुद्दाम काढला होता की कुणी दुसरीकडे वापरला, हे मी सांगू शकत नाही. त्याच अँपियरचा फ्यूज घातला आणि सॉकेट जिवंत झालं.

ऑटो-स्कॅन. १५ नंबर, एअरबॅग: ००५९५, क्रॅश डेटा साठवलेला.

हा कोड साध्या स्कॅनरने पुसता येत नाही. धडकेत एअरबॅग किंवा सीटबेल्टचं प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट आवळणारा भाग) उडालं की मॉड्यूल तो लिहून ठेवतं आणि त्यानंतर रीतसर ते मॉड्यूल बदलायचं असतं. इथे बदललेलं नव्हतं. ड्रायव्हरचा बेल्ट ओढला तर निम्म्यावर अडकत होता. प्रवाशाच्या बाजूला डॅशबोर्डचा पोत बाकी डॅशबोर्डपेक्षा किंचित गुळगुळीत, बोट फिरवलं की कळत होता.

ज्यांच्याकडे फक्त स्कॅनर आहे त्यांच्यासाठी एक सावधगिरी. उडालेल्या एअरबॅगच्या जागी योग्य रेझिस्टन्सचा तुकडा जोडला की मॉड्यूलला एअरबॅग आहे असंच वाटतं. दिवा लागत नाही, कोडही येत नाही. म्हणजे एअरबॅगच्या बाबतीत स्वच्छ रिपोर्ट पुरेसा नाही. स्टिअरिंगच्या मधलं कव्हर, डॅशबोर्डची शिवण, बेल्टच्या मुळाशी लावलेलं लेबल आणि त्यावरचं साल, हे डोळ्यांनी बघायचंच. पुढे कधी या सीटवर आपल्या घरचंच कुणी बसणार आहे.

उलट बाजूही लिहितो. एअरबॅगचा दिवा जळतोय म्हणजे अपघातच झाला असं नाही. सीटखाली पिवळा कनेक्टर असतो, सीट मागेपुढे करून तो सैल होतो आणि रेझिस्टन्स जास्त असल्याचा कोड येतो. पण त्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज आणि कार्पेटखाली वाळलेला गाळ दिसला तर गाडी पाण्यात उभी होती. तसं दिसलं तर भाव करत बसू नका, निघा.

२२ डिसेंबर

आज गाडी बघितली नाही, सामानाची डागडुजी केली. पिंपरीच्या गाडीत शेवटी शेवटी स्कॅनमध्ये कुठून कुठून संपर्क तुटल्याचे आणि कमी व्होल्टेजचे कोड उगवायला लागले होते. कारण साधं होतं. इग्निशन ऑन, दारं उघडी, दिवे चालू, अर्धा-पाऊण तास. बॅटरी १२ व्होल्टच्या खाली गेली की मॉड्यूल एकमेकांवर तक्रारी नोंदवायला लागतात, आणि त्या तक्रारी विकणाऱ्याच्या गाडीत आपण निर्माण केलेल्या असतात. आता पहिला ऑटो-स्कॅन ताबडतोब घेऊन फाइल सेव्ह करतो, मग बाकीचं. लॅपटॉपची बॅटरीही वीस मिनिटांत मान टाकत होती, नवीन बसवली. ₹२,२०० गेले.

४ जानेवारी २०२५

कोल्हापूर. २०१३ ची राखाडी टीटी, ५८ हजार किलोमीटर. फोनवरच मालक म्हणाले होते, "चेक इंजिनचा लाइट लागलाय, आधीच सांगतो. येऊन बघा, पटलं तर घ्या."

चावी ऑन, सगळे दिवे उजळले. इंजिन चालू, सगळे विझले, चेक इंजिनचा तेवढा राहिला. ऑटो-स्कॅनमध्ये पी२०१५, इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनला हवा पोचवणाऱ्या नळ्यांच्या) फ्लॅपची पोझिशन चुकतेय. त्या वेळचे किलोमीटर ५५ हजारांच्या वर. एबीएसमध्ये मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा एक जुना, अधूनमधून येणारा कोड, ४९ हजाराचा. दारात एक कोड ३१ हजाराचा, बॅटरी उतरली तेव्हाचा. मालकांनी लगेच सांगितलं, तेव्हा गाडी लॉकडाउनमध्ये उभी होती. नोंदीतली तारीखही तेच सांगत होती. कोड पुसल्यापासूनचं अंतर काही हजार किलोमीटर. इंजिन गरम झाल्याचा आकडा २५५ वर टेकलेला. तो त्याच्या पुढे जातच नाही.

या गाडीची मेमरी विकण्यासाठी कुणी पुसलेली नव्हती. जुन्या-नव्या बिघाडांच्या नोंदी ओळीने होत्या, आणि मालक सांगत होते त्याच्याशी जुळत होत्या. दिवा न लागलेल्या इतक्या गाड्या बघून झाल्यावर दिवा लागलेली ही गाडी पहिल्यांदा विश्वासाची वाटली.

तरी एक धोका असतो: दिवा आधीच लागलेला असेल तर त्याच्या आड दुसरा नवा बिघाड झाकला जातो. दिवा एकच, तो दोनदा लागणार नाही. म्हणून विकणारा कितीही सरळ असो, सांगितलेल्या कोडवर न थांबता सगळी मॉड्यूल वाचायची.

रात्री कोल्हापुरातच मुक्काम. कारण पुढच्या नोंदीत.

५ जानेवारी

या पिढीच्या २.० टीएफएसआयचा सगळ्यात महाग दोष टायमिंग चेनच्या टेन्शनरचा (चेन घट्ट धरून ठेवणारा भाग). तो ढिला झाला की रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताना पहिल्या क्षणी खडखड येते. गरम इंजिनवर काही ऐकू येत नाही. म्हणून गाडी थंडच बघायची, आणि ती खरंच थंड आहे का ते स्कॅनरला विचारायचं. स्टार्ट करण्याआधी कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळपास सारखी हवीत. सकाळी साडेसहाला दोन्ही १७-१८ अंश होती. कूलंट ५० दाखवत असतं तर कुणीतरी आधी गरम करून ठेवली असं समजलो असतो.

बॉनेट उघडं, मी बाजूला, मालक चावीवर. चालू झाली. खडखड नाही. व्हीसीडीएसच्या ०९३ ब्लॉकमध्ये (ब्लॉक म्हणजे चालू आकड्यांचा एक नंबर दिलेला गट) कॅमशाफ्टची फेज पोझिशन दिसते, चेन ताणली की ती शून्यापासून दूर सरकते. इथे शून्याला चिकटून. चेन खूप ताणली की पुढे पी००१६ येतो, पण तोवर थांबायची वेळ येऊ नये. खालच्या कव्हरवरचं रबरी बूच काढून टेन्शनरचे बाहेर आलेले दातेही मोजता येतात. ते आज जमलं नाही, गाडी लिफ्टवर घ्यावी लागते.

बाकीचं भराभर. ०१५ आणि ०१६ ब्लॉकमध्ये मिसफायरचे काउंटर, गाडी गरम होईपर्यंत सगळे शून्य. ०३२ मध्ये इंधनाची दुरुस्ती, म्हणजे कॉम्प्युटर स्वतःहून किती पेट्रोल कमी-जास्त करतोय. अधिक-उणे दहा टक्क्यांच्या बाहेर गेली की हवेची गळती, पीसीव्ही (इंजिनमधली वाफ परत आत घेणारा व्हॉल्व्ह), इंजेक्टर असं काहीतरी शोधावं लागतं. इथे दोन-तीन टक्के.

मग एनएच-४८ वर कागलच्या दिशेने. तिसऱ्या गिअरमध्ये २ हजार आरपीएमपासून पूर्ण थ्रॉटल, मागे मित्र लॅपटॉप मांडीवर घेऊन ११५ ब्लॉकची नोंद करत होता. मागितलेला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आणि मिळालेला बूस्ट सोबत चढत होते. चालवताना स्क्रीन बघू नका, दुसरा माणूस न्याच. डीएसजीला कुठे झटका नाही. ६० हजाराला त्याचं ऑइल आणि फिल्टर बदलायचं असतं, ते तोंडावर आलंय. भावातून तेवढे वजा करून घेतले. मालकांना ते लगेच पटलं.

बोलणी अशी ठरली: पी२०१५ चं काम आधी, दिवा परत लागला नाही तर पूर्ण पैसे. टोकन ₹२५,०००, कागदावर लिहून.

११ जानेवारी

पी२०१५. मॅनिफोल्डवर फ्लॅप हलवणारा एक छोटा दांडा असतो. तो जिथे टेकतो ती प्लास्टिकची जागा झिजली की दांडा ठरल्यापेक्षा जास्त फिरतो आणि सेन्सरला ती पोझिशन पटत नाही. पूर्ण मॅनिफोल्ड बदलणं हा रीतसर उपाय, भाव पाच आकडी. दुसरा उपाय, धातूचा छोटा ब्रॅकेट. तो दांड्याला योग्य जागी अडवतो. फ्लॅपचा शाफ्टच सैल झाला असेल तर ब्रॅकेट लावून उपयोग नाही. हाताने हलवून बघितलं, शाफ्ट घट्ट, फक्त टोकाची जागा खाल्लेली. ब्रॅकेट ऑनलाइन मागवला होता.

मालकांच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये बसवला. कोड पुसायच्या आधी जुनी फाइल सेव्ह केली, नाहीतर मीही तोच पुरावा नष्ट केला असता ज्याच्यासाठी दोन महिने फिरतोय. कोड पुसला, गाडी फिरवून आणली. पी२०१५ परत. मेस्त्री म्हणाले, "मॅनिफोल्डच घ्या आता, दुसरा इलाज नाही."

मॅनिफोल्डला हात लावण्याआधी एक करून बघायचं राहिलं होतं. कॉम्प्युटरने फ्लॅपची जुनी, झिजलेली टोकं लक्षात ठेवलेली होती. ब्रॅकेट लावल्यावर ती त्याला पुन्हा शिकवावी लागतात. व्हीसीडीएसमधून बेसिक सेटिंग चालवलं, फ्लॅप स्वतःहून या टोकाला त्या टोकाला फिरला, अडॅप्टेशन पूर्ण झाल्याचं आलं. मग कोड पुसला. दिवा गेला. यात गेलेला अर्धा दिवस अडॅप्टेशन आधी केलं असतं तर वाचला असता, म्हणून हे काम करणाऱ्यांनी क्रम पाळा: ब्रॅकेट, अडॅप्टेशन, मग पुसणं.

एबीएसच्या सेन्सरचा कनेक्टर उघडला, आत मातीचा लेप. साफ करून बसवला.

१८ जानेवारी

आठवडाभर मालकांनीच रोजच्यासारखी गाडी चालवली. आज जाऊन स्कॅन: साठवलेले शून्य, पेंडिंग शून्य, रेडीनेस सगळं पूर्ण. शून्य तर पहिल्या डीलरकडेही होतं, पण तिथे पुसल्याला २ किलोमीटर झाले होते. इथे ३०० च्या वर झालेत आणि चाचण्या पास आहेत.

उरलेले पैसे बँकेतून. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. गाडीवर जुनं कर्ज होतं, त्याची बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आधीच तयार. एमपरिवहनवर इन्शुरन्स, पीयूसी आणि कर्जाचा बोजा मी स्वतः तपासले होते. आरसीवरचा चासी नंबर, काचेखालचा आणि इंजिन मॉड्यूलमधला, तिन्ही शेवटी एकदा मोठ्याने वाचून जुळवले. मालकांनी जुन्या बिलांची फाइल आणि दुसरी चावी दिली. दोन्ही चाव्यांनी गाडी चालू करून बघितली.

२ फेब्रुवारी

पुण्यात आणल्यापासून ६०० किलोमीटर. पी२०१५ आलेला नाही. एबीएसचा मागचा डावा सेन्सर खंबाटकीच्या उतरणीला एकदा आला आणि गेला, दिवा क्षणभरच लागला. कनेक्टर साफ केल्यावरही आला म्हणजे सेन्सर किंवा त्याची वायरच. सेन्सर मागवलाय.

गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा टेन्शनरचे दाते मोजून घेतले. चेन अजून ताणलेली नाही. डीएसजीचं ऑइल आणि फिल्टर पुढच्या शनिवारी.

स्कॅनच्या सगळ्या फाइली तारखेप्रमाणे एका फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत, कोड पुसण्याच्या आधीची पहिली धरून. ही गाडी कधी विकायला काढली तर घेणाऱ्याला तो फोल्डर चावीसोबत मिळेल.